शिवेवरचं ओझं

चामोर्शी, ८ डिसेंबर १९५४

नागपूरच्या प्रकाशकानं अखेर होकार कळवला. इथून जंगलातल्या गावांमधून सिरोंच्यापर्यंत जायचं आणि त्या प्रवासाचं पुस्तक लिहायचं. पावसाळ्याच्या आत त्याला ते हातात हवंय. माझी आधीची दोन पुस्तकं कोणी वाचली हे मला आजवर कळलेलं नाही, पण कोणीतरी वाचली असणार. मास्तरकीतून सुटल्यापासून एवढा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी वाचनालयात बसलो असताना नायब तहसीलदार आले. सगळे उठून उभे राहिले. मी उठलो नाही. पेपरातली एकच बातमी पुन्हापुन्हा वाचत राहिलो, पण उठलो नाही. गोऱ्याच्या राज्यात उठलो ते पुष्कळ झालं. ‘साहेब’ म्हणणंही मी सोडलंय, नुसतं ‘राव’ म्हणतो. असल्या बारीकसारीक गोष्टींतूनच लोकांची पाठ ताठ होते असं माझं मत आहे.

घरी येऊन इंदिरेला सांगितलं. तिचं माहेर चिमूरचं. बेचाळीस साली तिचा थोरला भाऊ जेलात गेला आणि खोकला घेऊन परत आला. ती म्हणाली, “माझा भाऊ जेलात गेला, तुमी खुर्चीतून उठत नाई. दोघंबी देशाचंच काम करून राह्यले.” आणि तोंडाला पदर लावून हसली. मी पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसलो.

१७ डिसेंबर

रेंजरला भेटून आलो. प्रवासाला त्याची परवानगी लागते, शिवाय जंगलात उतरायला जागाही त्याच्याच ताब्यातली. तरुण आहे, शिकलेला आहे, कवितेची आवड आहे म्हणतो. ठरलं असं: डिसेंबर अखेरीस एक छोटी फेरी, कोसमटोल्याच्या पलीकडच्या विश्रामगृहापर्यंत. मग फेब्रुवारीत त्याच वाटेनं आलापल्ली आणि तिथून खाली सिरोंचा.

त्यानं आपण होऊन जीप देऊ केली. मी नाकारली. सरकारी जीपमध्ये बसून लिहिलेलं पुस्तक सरकारचंच व्हायचं. म्हटलं, राव, मी लोकांमधून पायी जाणार. तो म्हणाला, “उत्तम. सामानाची काळजी करू नका, गावं पोचवतील. मी दोन्ही खेपांचा निरोप आत्ताच देऊन ठेवतो.”

जीप नाकारली हे मी इंदिरेला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “ऐकलं.”

२४ डिसेंबर

बांधाबांध. ट्रंक, वळकटी, पुस्तकांची पेटी, घडीची खुर्ची. खुर्चीशिवाय मला लिहिता येत नाही, मांडीवर वही धरली की पाठ धरते. इंदिरेनं सगळ्याकडे पाहिलं आणि “लग्नाले चाललात का?” एवढंच विचारलं.

गाडी दादाजी ढिवराची. त्याच्या घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या इथल्या तलावात जाळं टाकलं. आता तलावाचा लिलाव होतो, मासे ठेकेदाराचे, म्हणून दादाजी भाड्यानं बैलगाडी हाकतो. ठेकेदाराच्या राखणदाराला तो रोज रामराम करतो आणि त्याच्या घरी रोज मासे शिजतात. मी त्याला म्हटलं, हे बरं नाही, आपल्या राज्यात आपण कायद्यानं वागायला हवं. “बराबर हाय, बापूजी,” म्हणाला. जाताना आम्हाला दोन मरळ ठेवून गेला. इंदिरेनं त्या सुरेख केल्या होत्या.

२९ डिसेंबर, वाटेत

जंगलाच्या नाक्यापर्यंत गाडी आली. पुढं नाल्यांमुळं गाडीवाट नाही. दादाजीनं बैल नाक्यावर बांधले आणि माझ्यासोबत पायी निघाला. पहिल्या गावची माणसं कावडी घेऊन उभीच होती. त्यांनी सामान उचललं आणि मुकाट चालू लागली.

आज जे पाहिलं ते पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात यायलाच हवं. गावाची शीव आली. तिथं ऐनाच्या झाडाखाली दगडांचा ढीग होता. माणसांनी ओझं दगडांजवळ ठेवलं, जोहार केला आणि मागं वळली. पलीकडून दुसऱ्या गावची माणसं आली आणि त्यांनी ते उचललं. शिवेपलीकडे एक पाऊलही कोणी टाकलं नाही. पुढच्या शिवेवर पुन्हा तेच. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायची आपली जुनी रीत आमच्या गावांतून कधीच गेली, इथं ती अजून जिवंत आहे. मला भरून आलं.

दादाजीला तसं म्हटलं. तो म्हणाला, “थे रीत नाई, बापूजी. बारी होय.”

“कसली बारी?”

“घराघरची बारी. आज याच्या घरची, उद्या त्याच्या घरची. सायेब आला का वझं न्याचं.”

म्हणजे पाहुण्याचा मान सुद्धा ही माणसं वाटून घेतात. त्यांना काय द्यायचं असतं असं विचारलं तर म्हणाला, “कोनी काई देत नाई.” इतकी निर्लोभी माणसं मी पाहिली नाहीत. उताऱ्यावर पोचल्यावर अर्धं पान लिहिलं. चांगलं उतरलंय.

३१ डिसेंबर, कोसमटोला

आज शिवेवर कोणी आलं नाही.

मागच्या गावच्या माणसांनी ओझं दगडांजवळ ठेवलं आणि मी हाका मारत असताना ती निघून गेली. मी खुर्ची उघडून बसलो. भर जंगलात खुर्चीवर बसलेला माणूस किती मूर्ख दिसतो ते दादाजीनं पाहिलं, पण हसला नाही. ऊन कलल्यावर झाडीतून एक माणूस आणि एक बाई आली. दोघांच्या केसांत तणसाच्या काड्या. माणसाचं नाव लालसू, बाई त्याची बायको सोमारी.

“जोहार,” लालसू म्हणाला. “तुमी या. पाहुने हाव. जेवा, राहा. हे वझं नाई नेत आमी.”

“का रे बाबा?”

“धान खळ्यावर पडून हाय. मानसं वझ्याले गेली का रानडुकरं येतात. दर सालचं हेच. या साली गावानं ठरवलं, वझं नाई न्याचं.”

“कोणी ठरवलं? तू?”

“गावानं.”

“पण बोलायला तूच आलास.”

तो हसला. “मानूस उन्हात बसला म्हून आलो. ठरवलं गावानं, बापूजी.”

शेवटी दादाजीनं ट्रंक घेतली, मी खुर्ची डोक्यावर घेतली, आणि उरलेलं दोन खेपांत आणलं. माझी मान अजून दुखते आहे. लालसूच्या घरी जेवलो. नवा भात, अंबाडीची भाजी, भाजलेले सुके मासे. नव्या भाताला असा वास असतो हे मी विसरलो होतो. घर लहान, पण सोमारीनं भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, आणि दारापुढचं खळं ताटासारखं स्वच्छ.

दादाजीनं नंतर मला सगळं सांगितलं. हे गाव जंगल खात्याच्या जागेवर बसलेलं. जमीन यांची नाही, घर यांचं नाही. खात्याला मजूर हवेत म्हणून बसवले, खातं ऊठ म्हणालं की उठायचं. “म्हून कोनाचं नाव घेत नाईत हे. सायेबानं इचारलं का साऱ्याइले ताप येते. साऱ्या कोंबड्या अंड्यावर बसतात. जळतन द्याचं तं ओलं निंगते. कोनाले धरन सायेब?” मी पोट धरून हसलो.

हा तर अस्सल असहकार! ना भाषण, ना झेंडा. माझ्या खुर्चीतून न उठण्यापेक्षा थोडा मोठाच म्हणावा लागेल. अर्थात माझं ओझं म्हणजे काही साहेबाचं ओझं नव्हे. मी मुद्दाम जीप नाकारली हे लालसूला समजावून सांगितलं. सोमारी चुलीपासून म्हणाली, “जीप आली असती तं बरं झालं असतं.” तिला मुद्दा कळला नसावा.

३ जानेवारी १९५५, विश्रामगृह

आजचा दिवस माझ्या आयुष्यात लक्षात राहील.

सामान दादाजीनं आणि मी खेपा घालून काल कसंबसं इथं आणलं. रेंजर दौऱ्यावर इथंच आला आहे. सकाळी चहाला बसलो. तो आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो नाही. त्यानं विचारलं, “सामान पोचायला उशीर झाला म्हणे?” गप्प बसता आलं असतं. पण आयुष्यभर मी गप्पच बसलो आहे, निदान इंदिरेचं तसं म्हणणं आहे. मी बोललो. वेठबिगार राज्यघटनेनं बंद केली आहे, धान खळ्यावर असताना माणसं ओझ्याला ओढणं हा अन्याय आहे, सगळं सांगितलं. 

तो शांतपणे ऐकत होता. “तुमचं अगदी बरोबर आहे,” म्हणाला.

मग मला चेव आला. म्हटलं, या जंगलात असा एक माणूस मला भेटला की ज्याच्यापुढं आपण शिकलेल्यांनी मान खाली घालावी. ओझं नेणार नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं, आणि वर जेवू घातलं.

“वा,” रेंजर म्हणाला. “असे लोक हवेत. नाव काय म्हणालात?”

मी सांगितलं. कौतुक निनावी करायचं नसतं. दादाजी पाणी आणायला गेला होता, त्यानं ऐकलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं.

निघताना रेंजर उठला, मला दारापर्यंत सोडायला आला, माझा हात हातात घेतला. म्हणजे उठला तो, मी नव्हे.

६ जानेवारी, चामोर्शी

परतलो. येताना कोसमटोला टाळून जवळच्या वाटेनं नाक्यावर आलो. पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. हात छान चालतो आहे. इंदिरेला रेंजरचा प्रसंग वाचून दाखवणार होतो, पण ती वाळवण उचलत होती.

१४ जानेवारी, संक्रांत

दादाजी आला. मी तिळगूळ पुढं केला. त्यानं हातात घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला.

तो काल भाडं घेऊन नाक्यापर्यंत गेला होता. लालसूचं घर पाडलं. छपराला टेकू दिलेल्या सागाच्या दोन थुन्या निघाल्या, चोरीच्या लाकडाचा गुन्हा. लालसूला बांधून चांद्याला नेलं. खळ्यावरचं धान जप्त करून नाक्यावर आणून टाकलं आहे, उघड्यावर. सोमारी पत्रूच्या पडवीत राहते, पत्रू म्हणजे तिचा थोरला दीर.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, असा बाणेदार माणूस, आणि लाकडाची चोरी करावी त्यानं! दादाजी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बापूजी, त्या गावात कोनत्या छपरात साग नाई? जंगलात घर कायचं बांधतात? खात्यानंच तं बसवलं तवा बांधू देल्लं.”

मग फक्त लालसूचंच छप्पर कसं तपासलं, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. दादाजी निघून गेला. तिळगूळ ओट्यावरच होता, मुंग्या लागल्या.

१६ जानेवारी

इंदिरेनं विचारलं, “तुमी रेंजरले त्याचं नाव सांगतलं का?”

मी म्हणालो, कौतुकानं सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, “माझ्या भावाले पकडलं तवा पोलिसानं साऱ्या चिमूरले इचारलं, रात्री घरी कोन नवतं? लहान लेकरानंबी नाव नाई घेतलं. मार खाल्ला, पन नाव नाई घेतलं. तुमाले एवढं कसं नाई समजलं?”

मला समजलं नाही. हे इथं लिहायला लाज वाटते, पण खरंच समजलं नाही. ‘गावानं ठरवलं’ असं तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि मला वाटलं की माणूस विनयानं बोलतोय. पुस्तकात नायक लागतो ना. मी नायक शोधला आणि नेऊन दाखवला.

पहिलं प्रकरण काढून वाचलं. ‘पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवणारी निर्लोभी माणसं.’ फाडणार होतो. फाडलं नाही, म्हणजे मी अजून पुस्तकाचाच विचार करतोय.

२२ जानेवारी

रेंजरकडे गेलो. दारातच उभा राहिलो. तो बसा बसा म्हणत होता, मी बसलो नाही. त्यानं चहा मागवला.

मी म्हटलं, लालसूची काही चूक नाही.

“छपरात सागवान होतं की नव्हतं?”

“सगळ्यांच्याच छपरात आहे.”

“असं?” त्यानं पेन उचललं. “मग सगळ्यांची झडती घेऊ का? तुम्ही म्हणत असाल तर घेतो. कायदा सगळ्यांना सारखाच हवा, तुम्हीच त्या दिवशी म्हणालात.”

मी नको म्हणालो. नको, नको, असं दोनदा म्हणालो. तो हसला आणि पेन खाली ठेवलं. “तुमच्या पुस्तकाची वाट पाहतोय,” म्हणाला. “फेब्रुवारीच्या खेपेला सामानाची अडचण येणार नाही, मी लक्ष घालीन.”

चांद्याच्या वकिलाला भेटलो. तो म्हणाला, जंगलाच्या गुन्ह्यात लाकूड सापडलं की संपलं. गावचा एकतरी माणूस साक्षीला आणा. मी कोणाला आणू? जो येईल त्याच्याही घरावर छप्पर आहे. लालसूची भेट मिळाली नाही.

३ फेब्रुवारी

लालसूला सहा महिन्यांची शिक्षा झाली. प्रकाशकाचं पत्र आलं, प्रकरणं कुठवर आली? उत्तर दिलं नाही.

९ फेब्रुवारी

जायचं नाही असं ठरवलं होतं. इंदिरा म्हणाली, “नाई जाल तं त्या बाईले तोंड दाखवाचं वाचल, एवढंच.” तिचं म्हणणं खरं आहे. मी घरी बसून राहिलो तर ती शिक्षा नव्हे, सोय होईल.

म्हणून जातो. पण या वेळी ट्रंक नाही, पेटी नाही, खुर्ची तर नाहीच. खांद्याला एक झोळी. तिच्यात एक धोतर, एक वही, आणि इंदिरेनं सोमारीसाठी दिलेलं लुगडं. माझं ओझं मी नेईन, कोणाची बारी लागणार नाही. दादाजी येतो म्हणाला. गाडीचं भाडं घेणार नाही म्हणाला, आणि ‘तुमच्यासाठी नाई’ असंही म्हणाला.

१२ फेब्रुवारी, कोसमटोला ओलांडून

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

कोसमटोल्यात शिरलो. लालसूच्या घराच्या जागी नुसता ओटा आहे. पत्रूच्या पडवीत सोमारी बसली होती. मी लुगडं पुढं ठेवलं. काय बोलायचं ते चामोर्शीपासून घोकत आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, “बाई, माझ्यामुळं झालं हे.”

ती म्हणाली, “मालूम हाय.”

रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. पाऊस आला असं सांगावं त्या आवाजात म्हणाली. लुगड्याला तिनं हात लावला नाही. मी उठलो. गावात जोहार मात्र प्रत्येकानं केला.

गावाबाहेर पडतो तर मागून पावलं वाजली. सोमारी, डोक्यावर चुंबळ ठेवून. म्हणाली, “झोळी द्या.”

मी म्हटलं, “नको बाई. मी मुद्दाम ओझं आणलं नाही. कोणी न्यायचं नाही म्हणूनच आणलं नाही.”

“नाकेदार शिवेवर बसला हाय. सायबाचा पाहुना आला का कोनाच्या घरून कोन वझं घेऊन आलं ते थो पाह्यते. वझं नाई आलं तं गावानं पुन्ना नाई म्हटलं, असं सांगल. आज बारी आमची हाय.”

“तुमची कशी? तुमचं घरच...”

“घर नाई राह्यलं,” ती म्हणाली. “बारी राह्यली.”

मी दादाजीकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. पत्रूच्या दारातून, शेजारच्या दारातून माणसं आमच्याकडे बघत होती, मी काय करतो ते बघत होती. दिली नाही तर गाव अडकणार. दिली तर ती नेणार. मी झोळी खांद्यावरून काढली आणि तिला दिली.

तिनं ती चुंबळीवर ठेवली, एक हात वर धरला आणि चालू लागली. एक धोतर आणि एक कोरी वही, तिला ती जाणवतही नसेल. मी तिच्या मागं शिवेपर्यंत रिकाम्या हातानं चालत गेलो.